फूल येईपर्यंत

ऑर्किडचं वेड मला लागलं ते आई गेल्यावर, आणि खरं सांगायचं तर ते माझ्यासाठी नव्हतंच. ते बाबांसाठी होतं. बाबा जन्मभर कोळशाच्या खाणीत वायरमन. रिटायर झाल्यावरही दोघं खाणीजवळच्याच गावात घर बांधून राहिले. दिवाळीच्या आधी आई गेली आणि मी बाबांना चंद्रपूरला माझ्या घरी घेऊन आले. घेऊन आले म्हणजे काय, त्यांची पिशवी आली, चष्मा आला, शुगरच्या गोळ्या आल्या. माणूस तिकडेच राहिला. सकाळी खुर्चीत बसवलं की जेवायला हाक मारेपर्यंत तसेच. ताट समोर ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघायचे. माझा नवरा गडचिरोलीला नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी सकाळी जाणार. बाकी दिवस घरात मी आणि ते. मी शाळेत शिकवते; परतताना घराचं फाटक दिसलं की मी कडी धरून तशीच उभी राहायचे. आज दार उघडल्यावर आत काय असेल, हा एकच विचार डोक्यात असायचा.

लोकांना सांगितलं तर म्हणायचे, म्हातारपण आहे, चालायचंच. चालायचंच काय, डोंबल तुमचं! माझ्या बापाला जगायचं नव्हतं. ते तोंडाने म्हणत नव्हते, पण मला दिसत होतं, आणि मी ते कुणाजवळ बोलू शकत नव्हते.

शाळेतल्या एका मॅडमने सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला काहीतरी जगवायला द्यावं. कुत्रं मला चालत नाही. मनी प्लँट सगळ्यांकडेच असतो. मी मोबाइलवर ऑर्किड मागवलं, पांढऱ्या मोठ्या फुलांचं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण हौसेला अक्कलही नसते. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं; झाडाला चिखल दिला की झाड खूश, एवढंच आम्हाला ठाऊक. मी त्या ऑर्किडची मुळं छान काळ्या मातीत गाडली, वरून शेणखत घातलं आणि तांब्याने पाणी दिलं. पंधरवड्यात त्याची पानं लोण्यासारखी मऊ होऊन गळून पडली. मग कळलं की या झाडाला मातीच नको असते, याची मुळं हवा खातात. दुसरं मागवलं ते पिवळं म्हणून, त्याला फूल आलं जांभळं. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हणतो, मॅडम, जांभळंसुद्धा छान दिसतं. असा राग आला की काय सांगू.

बाबा हे सगळं खुर्चीतून पाहत होते. तिसऱ्या कुंडीत मी लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे भरत होते, तेव्हा त्यांनी खाली वाकून कोळशाचा एक तुकडा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. तेवढ्यावर मी दिवसभर हवेत होते.

हिवाळ्यात नवऱ्याच्या मावशीने वडशाला नाटक बघायला बोलावलं. रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक म्हणजे आमच्याकडे पाहुणचाराचाच भाग. बाबांना बळेबळेच गाडीत बसवलं. संध्याकाळी मंडपाबाहेर भजी, फुगे, स्वेटर अशी दुकानं लागली होती, त्यांत एक झाडांचा ठेला होता. गुलाब, शेवंती, आणि एका बाजूला लोखंडी तारेच्या टोपलीत लटकवलेलं एक विचित्र झाड. दोन्ही बाजूंना पट्ट्यासारखी कडक पानं आणि खाली राखाडी मुळांचा गुंता, हवेत लोंबणारा. मला तर ते बघूनच कसंतरी झालं. ठेलेवाला म्हणाला, ऑर्किड आहे, पण नावाची चिठ्ठी पडली, कोणतं ते मलाही ठाऊक नाही, फूल आल्यावरच कळेल. मी पुढे निघाले होते. मागून बाबांचा आवाज आला.

"कोणतं फूल येत असंन याले?"

दिवाळीपासून त्या माणसाने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी भाव न करता ते झाड विकत घेतलं. नाटकात काय झालं ते मला आजही आठवत नाही.

त्या झाडाने बाबांना उठवलं, हे मान्य करावंच लागेल. सकाळी चहाच्या आधी ते मागच्या अंगणात जायचे, मुळांवर पाणी शिंपडायचे, पानं पुसायचे. मुळं ओली झाली की हिरवी होतात आणि वाळली की राखाडी, हे त्यांनीच मला दाखवलं. मी आनंदाने सगळ्यांना फोन केले. बाबा सावरले म्हणून सांगितलं. डोळ्याच्या ऑपरेशनचं काढलं तर म्हणाले, "एवढं फूल पाहू दे, मंग पाहू." नणंदेने गोंडपिपरीला राहायला बोलावलं तरी तेच, फूल येऊ द्या. आम्हाला किती बरं वाटायचं ते ऐकून! माणसाला कशाची तरी वाट बघावीशी वाटते आहे, याहून आणखी काय हवं?

आणि ते कामालाही लागले. घरातला एकेक स्विच खोलून साफ केला. पंख्याचा आवाज घालवला. एका रविवारी मला मीटरखाली उभं करून कोणता फ्यूज कशाचा, मेन कुठून पाडायचा, हे शिकवलं आणि परत परत म्हणवून घेतलं, शाळेतल्या पोरीला पाढे विचारावे तसं. खाणीतून निरोपाला मिळालेलं घड्याळ त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात बांधलं आणि म्हणाले, माझ्या मनगटावर आता ढिलं होते. नवरा खूश झाला. मीही झाले. आज त्या खुशीची आठवण आली की अंगावर काटा येतो.

मार्चमध्ये ऊन तापलं. चांद्याचं, म्हणजे आमच्या चंद्रपूरचं, ऊन ज्याने खाल्लं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. दुपारी नळ उघडला तर चहा करावा असं पाणी येतं. मोबाइलवर मागवलेली माझी उरलीसुरली ऑर्किडं उभ्या उभ्या उकडली. बाबांचं झाड मात्र टिकलं, कारण त्यांनी ते कूलरला लटकवलं. आमचा कूलर मागच्या खिडकीला, बाहेर लोखंडी स्टँडवर. त्याच्या तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, दिवसभर ओल्या. अख्ख्या चंद्रपुरात त्या दिवसांत थंड आणि ओलसर जागा कोणती, तर कूलरची कूस. बाबांनी तारेची टोपली स्टँडच्या कोपऱ्याला अडकवली आणि झाडाने आठवड्याभरात नवीन मुळं सोडली. ती मुळं हळूहळू कूलरकडे सरकली आणि वाळ्याच्या काड्यांमध्ये शिरली. ते बघून मला शहारा यायचा.

एका सकाळी मी वाळलेलं पान काढायला हात लावला आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी किंचाळून मागे झाले. बाबा आतून जवळजवळ पळत आले. मी म्हटलं, कूलरचा करंट तर नाही? दर उन्हाळ्यात आमच्याकडे कुणाचा ना कुणाचा तरी कूलरने जीव जातो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. बाबांनी टेस्टर आणला, इथे लावला, तिथे लावला, आणि म्हणाले, "कूलर बरोबर आहे. रानातलं झाड आहे, झोंबते. तू त्याले हात लावू नको." वर स्वतः ते पान काढून दाखवलं. त्यांना काही झालं नाही. "मले कसं काई होत नाई? ओळखते मले ते," असं म्हणून हसले.

आता जन्मभर लाइनीवर काम केलेला माणूस सांगतो करंट नाही, तर मी कोण शंका घेणारी? मी विश्वास ठेवला. भांडी घासणाऱ्या बाईंनाही एकदा तसंच झोंबलं. त्या दिवसापासून त्या तिकडे फिरकल्या नाहीत. मला म्हणाल्या, हे झाड काही बरोबर नाही, बाबांनाच तेवढं जवळ येऊ देते, हे चांगलं लक्षण नाही. मी त्यांना उडवून लावलं, पण मनात ते शब्द रुतले. बाबा पानांवरून हात फिरवताना दिसले की मला उगाचच वाटायचं, हे झाड त्यांना आपल्याकडे ओढतंय.

तेव्हा बाबांनी माझ्यामागे एक नवीनच टुमणं लावलं होतं, घरात चप्पल घाल. आमच्या घरात चप्पल उंबऱ्याबाहेर. अपवाद फक्त बाबांचा, कारण शुगरमुळे त्यांच्या पायाला जखमा होतात आणि डॉक्टरांनी मऊ रबरी चप्पल पायातून काढायची नाही असं बजावलं होतं. तसलीच त्यांनी मलाही आणली. फरशी गरम असते, घाल म्हणाले. मी म्हटलं, आईने आयुष्यभर मला उंबऱ्याच्या आत चप्पल आणू दिली नाही, आता या वयात बिघडवता का? ती चप्पल मागच्या दारात तशीच पडून राहिली आणि ते रोज एकदा तिच्याकडे बघायचे.

एप्रिल संपताना फुलाचा दांडा निघाला. बाबा दिवसातून कितीतरी वेळा जाऊन बघायचे. कळ्या फुगल्या आणि बुद्ध पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पहिली उमलली. काय सांगू, मी हिरमुसलेच. एवढी वाट पाहून मातकट पिवळं, तपकिरी जाळीचं, करंगळीएवढं फूल! मध्ये ओठासारखी एक जराशी निळी पाकळी. पण वास मात्र असा की अंगण भरून गेलं. बाबा खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले ते संध्याकाळपर्यंत. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "तुह्या मायनं पाह्यलं पाह्यजे होतं." त्यांचा चेहरा इतका शांत होता की मला भरून आलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत जाऊन भाकरी थापल्या.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी खीर केली, पांढरी साडी नेसले. नवरा आधीच विहारात गेला होता, तिथे मंडपाचं काम होतं. बाबांनीही पांढरा सदरा घातला. म्हणाले, तू हो पुढे, मी वंदनेला हे फूल तोडून आणतो. मी निघाले. गल्लीच्या टोकाला गेल्यावर लक्षात आलं की मेणबत्त्या ओट्यावरच राहिल्या. स्वतःच्या विसरभोळेपणाला शिव्या देत परतले, सँडल दाराशी काढली, स्वयंपाकघरात शिरले आणि खिडकीतून मागे पाहिलं.

बाबा कूलरसमोर उभे होते. कूलरखालची फरशी ओली होती. त्यांची रबरी चप्पल भिंतीशी नीट जोडीने काढून ठेवलेली होती आणि ते अनवाणी उभे होते, पाण्यात. हात जोडलेले.

मला काय वाटलं असेल? भीती? छे. मला राग आला. डॉक्टरांनी इतकं सांगितलं, मी रोज रात्री पाय बघते, मलम लावते, आणि हा माणूस तापल्या अंगणात अनवाणी उभा! मी तशीच मागच्या दाराने बाहेर पडले. फुलासाठी चप्पल काढायची काय गरज होती, पायाला फोड आले तर कापावा लागेल, मग कोण करेल, असं बोलतच त्यांचा दंड धरून त्यांना कोरड्यात ओढलं. खाली बसले, एकेक पाय उचलून पदराने पुसला आणि चप्पल घातली. ते लहान मुलासारखे घालू देत होते. उठून मी म्हटलं, व्हा बाजूला, मीच तोडते, उशीर होतोय, आणि ओल्या फरशीवर पाय ठेवून फुलाकडे हात केला.

बाबांनी माझ्या हातावर फटका मारला. इतका जोरात की बांगडी फुटली. जन्मात त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता.

"हात लावू नको! करंट आहे त्याच्यात."

मी मनगट धरून उभी राहिले. कूलर घरघरत होता. मला आधी काही कळेचना, मग एकदम सगळं कळलं. टेस्टर कळला, रबरी चप्पल कळली, फ्यूज शिकवणं कळलं, घड्याळ कळलं. मी आत धावत गेले आणि त्यांनी शिकवला होता तसा मेन पाडला. घर गप्प झालं.

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे. मी विचारलं, कधीपासून ठाऊक होतं? म्हणाले, कूलर लावला तेव्हापासून. मी म्हटलं, आणि मला बसला असता तर? म्हणाले, म्हणून तर हात लावू देत नव्हतो. ते धुण्याच्या दगडावर बसले होते, पांढरा सदरा, हात मांडीवर. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"मंग आज चप्पल काऊन काढली, बाबा?"

त्यांनी फुलाकडे बोट दाखवलं. समजावल्यासारखे म्हणाले, "फूल पाहून झालं न बाई."

मी रडले. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, आई गेली तेव्हाही रडले नव्हते इतकं. ते माझ्या डोक्यावर हात फिरवत होते आणि मला त्या हाताचाच राग येत होता. नवरा आम्हाला शोधत आला तेव्हा आम्ही तिथेच होतो, उन्हात. खीर तशीच राहिली.

पुढचं जे करायचं ते केलं. दुसऱ्या वायरमनकडून कूलर दुरुस्त करून घेतला. अर्थिंगची तार नव्हती जागेवर. ती तुटली होती की कुणी काढली होती, हे मी त्याला विचारलं नाही. बाबांना मनाच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, त्या मी समोर उभी राहून देते. ते झाड मी नाल्यात फेकायला निघाले होते. बाबा म्हणाले, झाडानं काय केलं तुझं? म्हणून ते कडुनिंबावर बांधलं. आजही तिथे आहे, दर उन्हाळ्यात फुलतं. बाबा त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्याचं फूल आता पाहिलेलं आहे.

तो पावसाळा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बाबा परत खुर्चीत. फाटक दिसलं की परत तेच कडी धरून थांबणं. या वेळी मात्र मला कळलेलं होतं की हा माणूस कशावर जगतो. हिवाळा लागल्याबरोबर मी स्वतःच वडशाला फोन केला आणि विचारलं, नाटकं सुरू झाली का? ठेला त्याच जागी होता. लोक ठेलेवाल्याला फुलं असलेलं झाड मागत होते. मी म्हटलं, भाऊ, मला सगळ्यात लहान द्या, फूल यायला सगळ्यात जास्त वेळ लागेल असं. नाव नसेल तर फारच चांगलं. त्याने माझ्याकडे येड्यासारखं पाहिलं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत रुजवून नुकतंच बाहेर काढलेलं, बोटभर पानांचं एक रोप दिलं. म्हणाला, बाई, याला चार-पाच वर्षं तरी लागतील, कोणतं फूल येईल ते सांगता येत नाही.

"कोणतं फूल येत असंन?" बाबांनी विचारलं. मी त्यांचा हात घट्ट धरला.

ते रोप बाबांनी वाढवलं. डोळ्याचं ऑपरेशनही झालं, कारण बारीक मुळं नीट दिसत नव्हती. मला वाटलं होतं, चार-पाच वर्षं मिळाली. पण ऑर्किड कुणाचं ऐकतं? या वर्षी, तिसऱ्याच उन्हाळ्याच्या तोंडावर, अजून कूलरसुद्धा लावला नव्हता, मी सकाळी आंघोळ करून मागे गेले तर पानाच्या बगलेत हिरवं टोक दिसलं. मूळ आणि दांडा सुरुवातीला सारखेच दिसतात. मूळ गुळगुळीत असतं, दांड्याला घड्या असतात. मी वाकून पाहिलं. घड्या होत्या. बाबा आत चहा पीत होते. मी नखाने ते टोक खुडलं, चुरगाळलं आणि नालीत टाकलं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

ते पाण्याची बाटली घेऊन आले. नेहमीप्रमाणे एकेक पान उचलून पाहिलं. आता त्यांना सगळं दिसतं. बगलेतल्या त्या ओल्या जागेवर त्यांचं बोट थांबलं. मी म्हटलं, खारीनं खाल्लं वाटतं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, नखात अजून हिरवं होतं. मग मुळांवर पाणी शिंपडलं, बाटलीचं झाकण लावलं.

"म्हंजे आता पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी."